जाडं मीठ घरी शुद्ध कसं करावं

पेण, उरण, शिरोडा या बाजूच्या मिठागरांतलं जाडं मीठ आणलं की सरळ बरणीत भरू नका. त्यात माती असते, बारीक रेती असते आणि कडवट मॅग्नेशियमचे क्षारही असतात. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ते मुख्यतः या क्षारांमुळे. "नळाखाली दोनदा धुवा" हा सल्ला तर ऐकूच नका. एक लिटर पाणी साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवून नेऊ शकतं, आणि खड्याच्या पोटातली घाण तशीच राहते. मीठ पूर्ण विरघळवून पुन्हा पाडणं, हाच खरा उपाय. कडक उन्हाचे दिवस निवडा.

1 किलो मीठ 3 लिटर गरम पाण्यात विरघळवून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वरचं निवळ पाणी दुहेरी मलमलीतून स्टीलच्या पातेल्यात गाळा. ॲल्युमिनियम किंवा लोखंडाचं भांडं नको, मीठ ते खातं.

मोठ्या आचेवर उकळा. वर पापुद्रा धरू लागला की आच मंद करा.

बहुतेकांचं मीठ बिघडतं ते यापुढे. थेंबही वाया जाऊ नये म्हणून पातेलं कोरडं होईपर्यंत आटवतात. असं आटवलं की कडवट क्षार जिथल्या तिथे राहतात, गॅस आणि दिवस दोन्ही फुकट जातात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातलं जवळजवळ नऊ-दशांश पाणी उडालं की खायचं मीठ पडायला लागतं. मॅग्नेशियम मात्र अगदी शेवटपर्यंत पाण्यातच राहतं. म्हणूनच मिठागरात वाफा पूर्ण सुकू देत नाहीत, पाणी असतानाच मीठ ओढून काढतात. घरीही तेच करायचं. मीठ तळाशी बसलं आहे आणि त्यावर बोटभर पाणी उरलं आहे, तेव्हाच गॅस बंद. आणखी पाच मिनिटं थांबावंसं वाटेल, थांबू नका. शिवाय दाट झालेलं मीठ जोरात उडतं आणि हात भाजतो.

लगेच सगळं कापडात ओता आणि श्रीखंडाच्या चक्क्यासारखं रात्रभर टांगा. खालचं पाणी झाडांना घालू नका, मुळं जळतील. मग ताटात पसरून, वर पातळ कापड टाकून दोन उन्हं द्या. किलोला साधारण 650 ग्रॅम मीठ हाती येतं. एवढी घट सोसावीच लागते. खडे मोठे हवे असतील तर पापुद्रा धरल्यावर पाणी उकळू न देता नुसतं तापतं ठेवा. खळखळ उकळलं की बारीक रवाच पडतो.

या मिठात आयोडीन नसतं. रोजच्या वरणभाताला आयोडीनयुक्त मीठच वापरा. हे मीठ लोणच्याला, खारवलेल्या मासळीला, ताकातल्या मिरच्यांना. कैरीच्या 1 किलो फोडींना 150 ते 200 ग्रॅम घ्या, आणि ते वजनानेच. खड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे जाड्या मिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा हलका भरतो. चमच्याने मोजलेल्या लोणच्यात मीठ कमी पडतं आणि बुरशी धरते.

समुद्री मिठात सोडियम नावापुरतंच असतं, हेही खोटं. रक्तदाब असेल तर हे मीठही तितकंच मोजून खावं लागेल: दिवसभरात, लोणचं-पापड धरून, 5 ग्रॅमच्या आत.