चिती आणि सूची: पुठ्ठ्यातून घडवा, रव्याने मोजा

सूचीचं घनफळ तेवढ्याच तळाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या चितीच्या एक तृतीयांश असतं, हे सूत्र पाठ असतं. पण हा तिसरा हिस्सा येतो कुठून, ते हातांनी केल्याशिवाय पटत नाही. त्यासाठी रविवारची एक दुपार काढा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डशीट आणा. कंपासपेटी, कात्री, फेविकॉल आणि किलोभर रवा एवढंच लागतं.

आधी ओळख. चितीच्या दोन टोकांना हुबेहूब सारखे, समांतर बहुभुज असतात आणि मध्ये सरळ भिंती. सूचीला तळ एकच. त्याच्या प्रत्येक बाजूवर एक त्रिकोण, आणि सगळे त्रिकोण वर एका बिंदूत मिळतात. मुलं अडखळतात ती ‘तळ’ या शब्दाशी. जमिनीला टेकतो तोच तळ, असं नाही. पेठेतल्या जुन्या घराचं दोन उतारांचं कौलारू छप्पर आठवा. ती आडवी पडलेली त्रिकोणी चिती आहे आणि दोन टोकांचे त्रिकोण हे तिचे तळ.

आता चिती करू. कार्डशीटवर १२ सेमी बाजूचा चौरस काढा आणि त्याच्या चारही बाजूंना १२ × ८ सेमीचे आयत. अधिक चिन्हासारखी घडण तयार होईल. काटकोन गुण्याने तपासा, चिकटवायला सेंटिमीटरभर पट्ट्या सोडून कापा. दुमडण्याआधी शाई संपलेलं बॉलपेन रेषेवरून दाबून फिरवा, म्हणजे घडी सरळ बसते. वरून उघडी, ८ सेमी उंच चिती झाली.

सूचीला मात्र घाई नको. तिची उंचीही ८ सेमीच हवी, पण ही उंची कागदावर कुठेच काढता येत नाही. शिखरापासून तळाच्या मध्यापर्यंतचं ते अंतर आतल्या पोकळीत असतं. कागदावर येते ती तिरकस उंची, म्हणजे बाजूच्या त्रिकोणाची उंची. तळाच्या मध्यापासून बाजूपर्यंत ६ सेमी, सरळ उंची ८. पायथागोरसच्या प्रमेयाने तिरकस उंची १०. शिखराकडे जाणारी कड √(१०० + ३६), म्हणजे सुमारे ११.७ सेमी. कर्कटकात हे अंतर घेऊन मोठा कंस काढा, त्यावर १२ सेमी अंतराने लागोपाठ चार टप्पे घ्या, सगळे बिंदू एकमेकांना आणि केंद्राला सरळ रेषांनी जोडा. चार त्रिकोणांचा पंखा मिळेल. एका टोकाला चिकटवायची पट्टी ठेवून कापा, दुमडा, चिकटवा. तळ उघडाच राहू द्या.

दोन्ही आकार टेबलावर शेजारी ठेवून वर पट्टी आडवी धरा. ती सपाट बसली तर उंची जमली. मग सूची उलटी धरून रव्याने काठोकाठ भरा आणि पट्टीने सपाट करा. रवा दाबू नका, नाहीतर माप बदलतं. चितीत ओता. पुन्हा ओता. तिसऱ्या वेळी चिती भरते. हिशेबही तेच सांगतो: १२ × १२ × ८ = ११५२ घनसेमी आणि त्याचा तिसरा हिस्सा ३८४.

चार वेळा ओतूनही चिती भरली नाही, तर बहुधा त्रिकोणांची उंचीच ८ घेतली गेली आहे. मग खरी उंची जेमतेम ५.३ सेमी उरते. हीच चूक परीक्षेत सर्रास होते, म्हणून ती एकदा मुद्दाम करून बघणंही चांगलं.

तीनच का? १२ सेमीचा घन डोळ्यांसमोर आणा. त्याच्या मध्यबिंदूपासून आठही कोपऱ्यांपर्यंत रेषा ओढल्या की घनाच्या सहा सारख्या सूची होतात, प्रत्येकीची उंची ६. एकीचं घनफळ घनाच्या सहाव्या हिश्श्याएवढं. पण १२ × १२ तळाची, ६ उंचीची चिती म्हणजे अर्धा घन. त्याचा तिसरा हिस्सा तोच सहावा हिस्सा.

त्रिकोणाचं क्षेत्रफळ आयताच्या निम्मं, म्हणून इथेही निम्मं असेल असं वाटणं साहजिक आहे. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात ज्यांचा पुतळा आहे, त्या आर्यभटांच्या इ.स. ४९९च्या ग्रंथातही त्रिकोणी सूचीसाठी निम्माच नियम आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) मात्र एक तृतीयांश स्पष्ट दिला आहे, तोही ‘सूची’ याच शब्दाने. मुलांना हे जरूर सांगा. उत्तर चुकलं म्हणून रडवेल्या झालेल्या मुलाला त्याचा फार आधार होतो.

पृष्ठफळाला सूत्र पाठ करायची गरज नाही, घडण उलगडून तुकडे मोजा. सूचीचे चार त्रिकोण मिळून २४० चौसेमी, बंद तळ धरला तर ३८४.

उरल्या कडा. तळाला जितक्या बाजू, त्याच्या तिप्पट कडा चितीला आणि दुप्पट सूचीला. ताळा करायला ऑयलरचं सूत्र आहे: शिरोबिंदू + पृष्ठे = कडा + २. दिवाळीत षटकोनी चितीचा आकाशकंदील करणार असाल, तर कामट्या १८ कापा.