वस्तऱ्याचं काम शिकताय? आधी डावा हात शिका

दाढीच्या कामात रक्त निघतच नाही असं कुणी सांगत असेल, तर तो एकतर फेकतोय नाहीतर फक्त केस कापतोय. नवीन पोरांना मी हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पहिल्यांदा लागलं की हातपाय गळत नाहीत. लागणं हा गुन्हा नाही. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा लागत असेल तर हातात खोट आहे, आणि ती बहुतेक वेळा वस्तऱ्याच्या हातात नसते.

डाव्या हातात असते. यावर मी जरा जास्तच बोलणार, कारण माझी गाडी इथंच अडकून पडली होती. मालक म्हणायचे, "हात हलका ठेव." मी आणखी हलका ठेवायचो आणि जबड्याच्या हाडाखाली हमखास लाल रेघ उठायची. हात हलकाच होता हो, कातडी सैल होती! सैल कातडीची पात्यापुढे घडी पडते आणि पातं केस सोडून त्या घडीत शिरतं. ताण द्यायचा तो पात्याच्या मागून. वस्तरा वरून खाली येत असेल तर डाव्या हाताची बोटं वर, कल्ल्याजवळ. वस्तरा पुढे सरकला की बोटंही मागोमाग सरकली पाहिजेत. एकदा ताणलं आणि अख्खा गाल उतरवला, असं होत नाही. जबड्याखाली जाताना गिऱ्हाइकाची मान मागे आणि बाजूला वळवून घ्या, कातडी अंगठ्याने वर ओढून धरा. कंठमण्यावरून सरळ जाऊच नका. तिथली कातडी बाजूला सरकवून मानेच्या सपाट भागावर आणा आणि तिथं दाढी करा.

आणि बोटं कोरडी हवीत. फेसाने बुळबुळीत झालेल्या बोटांतून ताण सुटतो, तोही नेमका पातं अर्ध्या वाटेवर असताना. वस्तरा उचलला की बोटं टॉवेलला पुसायची, ही सवय अंगात भिनू द्या. तुरटीची थोडी पूड बोटांना चोळली तर पकड चांगली बसते. फुग्याला फेस लावून सराव करा असं सगळे सांगतात. करा, तीसेक अंशांचा कोन त्यातून कळतो. पण फुगा आधीच ताणलेला असतो, त्यामुळे डावा हात तिथं शिकता येत नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओंचंही तेच, कॅमेरा सगळा वेळ पात्यावर. त्यापेक्षा जुन्या कारागिराच्या डाव्या बाजूला उभं राहून बघा. तो शिकवत नसेल तरी बघा. नुसता झाडू मारायला ठेवणारे मालक मला आवडत नाहीत, पण झाडू हातात असताना डोळे मोकळेच असतात.

बाकी गोष्टी लवकर जमतात. अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याला टोकं असतात, ती मिशीच्या कडेला आणि कानाच्या पाळीशी टेकतात, तिथं पातं आखूड आखूड चालवायचं. पातं धारेच्या रेषेत आडवं सरकवलं तर सुरीने टोमॅटो चिरावा तशी कातडी चिरते. मस, पुळ्या कुठं आहेत ते फेस लावायच्या आधी बोटाने चाचपून घ्या, फेसाखाली काही दिसत नाही. रविवारच्या गर्दीत कोमट पाण्याचा टॉवेल टाळू नका, कडक केसावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की लागतंच. आणि हडकुळ्या मानेवर उलटी दाढी मागितली तर खुशाल नाही म्हणा.

आता लागलंच तर. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. घाबरू नका आणि लपवूही नका. "काका, जरा लागलंय, दाबून धरतो," एवढं बोलणं पुरतं. फेस पुसा, गार पाण्याने धुवा, नवीन कापूस किंवा गॉज ठेवून दोन-तीन मिनिटं सलग दाबा. मध्येच उचलून बघायचं नाही. बघायला उचलला की जमलेली गुठळी कापसाबरोबर निघून येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दहा-पंधरा मिनिटंही लागतात, म्हणून वयस्कर माणसाला खुर्चीत बसतानाच विचारून ठेवा. पंधरा मिनिटं दाबूनही थांबत नसेल किंवा जखमेचं तोंड उघडं दिसत असेल, तर तिथं आपली कारागिरी संपली. डॉक्टरकडे पाठवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तेच बघतील. साधं खरचटलं असेल तर शेवटी पातळसं व्हॅसलिन. जखमेवर आफ्टरशेव्ह, हळद, चुना काही नको.

तुरटी चालते. ती कातडी आवळते, वरवरचं रक्त गोठवते. पण दिवसभर दहा जणांच्या गालांवरून फिरणारा तो एकच खडा मला बघवत नाही. एकाचं रक्त दुसऱ्याच्या जखमेत न्यायला याहून सोपा रस्ता नाही. तुरटी कुटून डबीत ठेवा, ओल्या कापसाच्या नव्या बोळ्याने लावा, बोळा फेकून द्या. डबीत तोच बोळा दुसऱ्यांदा बुडवायचा नाही.

स्वतःचं बोट कापलं तर गिऱ्हाइकाला सांगून थांबा. साबणाने धुवा, पट्टी बांधा, वरून हातमोजा घाला, मगच पुढचं काम. बोटं जास्त कापतात ती ब्लेड मोडताना. कागदाच्या वेष्टनातच वाकवून मोडा आणि वापरलेले तुकडे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, केराच्या टोपलीत नाही. टोपली उपसणारा तुमच्यासारखाच नवा पोरगा असतो. खुर्चीवर किंवा काउंटरवर रक्त सांडलं तर आधी कागदाने टिपा, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घालून त्या जागेवर लावा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. हिपॅटायटिस बीचा, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. त्याची लस मिळते: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. मालक पैसे देईल याची वाट बघू नका. पहिल्या पगारातून आधी पहिला डोस घ्या, भारीतली कात्री पुढच्या महिन्यात घेता येईल.