सुपारीच्या बागेसाठी एक टक्का बोर्डो मिश्रण

सुपारीवरील कोळेरोग फायटॉफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होतो आणि कोकण-गोव्यातील संततधार पावसात कोवळी फळे घोसातून गळून पडतात. त्यावर मोरचूद (कॉपर सल्फेट) व चुना यांचे बोर्डो मिश्रण अजूनही भरवशाचे आहे. फ्रान्समधील बोर्डो येथे प्राध्यापक मिलार्दे यांनी द्राक्षांच्या केवडा रोगावरील त्याचा उपयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. ओलाव्यात मिश्रणातील तांब्याचे आयन हळूहळू मोकळे होतात, बीजाणूत शिरतात आणि विकरांमधील (एन्झाइममधील) गंधकयुक्त थायॉल गटांना चिकटून ती विकरे निकामी करतात. तांबे एकाच वेळी अनेक विकरांवर आघात करत असल्यामुळे रोगकारकात प्रतिकारशक्ती सहजासहजी निर्माण होत नाही. रोग आत शिरल्यावर मात्र फवारणीचा फारसा उपयोग होत नाही.

शंभर लिटर मिश्रणासाठी एक किलो मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर प्लास्टिकच्या पिंपातील पन्नास लिटर पाण्यात टांगून ठेवावे. लोखंडी भांडे अजिबात वापरू नये, कारण लोखंडावर तांबे जमा होऊन द्रावणाची ताकद घटते. दुसऱ्या पिंपात एक किलो ताजा कळीचा चुना थोड्या पाण्याने विरवावा, गाळावा आणि पाणी घालून पन्नास लिटर करावा. चुना विरताना उसळतो, म्हणून हातमोजे व चष्मा आवश्यक आहे. चुन्याचे द्रावण पूर्ण थंड झाल्यावर मोरचुदाचे द्रावण त्यात बारीक धारेने ओतत काठीने सतत ढवळावे. हा क्रम उलटा करू नये, कारण त्यामुळे साका जाड होऊन लवकर तळाशी बसतो.

मिश्रण आकाशी निळे दिसले, तरी तेवढ्यावर विसंबू नये. घासून चकचकीत केलेले विळ्याचे पाते त्यात मिनिटभर बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे तांबे शिल्लक आहे आणि तेच कोवळ्या घोसांना करपवते. अशा वेळी थोडे थोडे चुन्याचे द्रावण घालून पाते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा तपासावे. माझ्या मते ही चाचणी न करता फवारणी करूच नये.

मिश्रण त्याच दिवशी संपवावे, अधूनमधून ढवळावे आणि त्यात दुसरे कीटकनाशक मिसळू नये. पहिली फवारणी पावसाळ्याच्या तोंडावर सर्व बाजूंनी घोस भिजतील अशी करावी आणि दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, पावसाची उघडीप साधून घ्यावी.