बर्फातल्या रस्त्यावर कुटुंबाची गाडी: तयारी कशी करावी आणि मदत कशी स्वीकारावी

पुण्याहून मनाली साधारण दोन हजार किलोमीटर दूर आहे. हे अंतर आपल्याकडचा कोणताही सवयीचा चालक तीन-चार दिवसांत विनासायास कापतो. मनालीहून अटल बोगद्यातून लाहौल खोऱ्यातील सिस्सूपर्यंतचे जेमतेम चाळीस किलोमीटर मात्र डिसेंबर ते मार्च या काळात वेगळेच कौशल्य मागतात, आणि खंबाटकी किंवा कसारा घाटात वीस वर्षे गाडी चालवल्याचा अनुभव तेथे अर्धाच उपयोगी पडतो. हे मी स्वतः शिकलो ते डिसेंबरच्या अखेरीस, सिस्सूहून परतताना. चंद्रा नदीवरच्या पुलाकडे वळताना आमची गाडी आडवी झाली, त्या वेळी मागे आई आणि नऊ वर्षांचा मुलगा बसलेले होते. त्या संध्याकाळी एका अनोळखी लाहौली माणसाने आम्हांला बाहेर काढले. त्याने केलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आम्हांला आधीपासून यायला हवी होती, म्हणून हे मार्गदर्शन लिहीत आहे.

घरून निघण्यापूर्वी

पहिली तपासणी रेडिएटरची. महाराष्ट्रात कूलंट कमी झाले की त्यात साधे पाणी ओतण्याची सवय सर्रास आढळते, आणि आपल्या हवेत त्याने लगेच काही बिघडत नाही. परंतु पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक त्यामुळे तडकू शकतो. कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण साधारण उणे 35 अंशांपर्यंत गोठत नाही. म्हणून जुने द्रव पूर्ण काढून नवे भरून घ्यावे आणि ते समोर उभे राहून भरून घ्यावे. आमच्या गाडीत ‘कूलंट बदलले’ असे बिलावर लिहिलेले होते, प्रत्यक्षात बहुतांश पाणीच होते. ते मनालीत एका मेकॅनिकच्या लक्षात आले, अन्यथा पहिल्याच रात्री प्रवास संपला असता.

काच धुण्याच्या टाकीतील पाण्याचेही तेच. ते काढून टाकावे आणि थंडीत न गोठणारे द्रव भरावे. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर बदलावी, कारण थंडीत तिची ताकद लक्षणीय घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन सुरू करायला अधिक जोर लागतो. टायरमधील हवा तापमानाबरोबर कमी होते, त्यामुळे मनालीत सकाळी गार टायरवर पुन्हा तपासावी. डिझेल गाडी असेल तर टाकी मैदानी प्रदेशातून भरून नेऊ नये. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधील मेण साकळते आणि फिल्टर तुंबतो. याच कारणासाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखकरिता उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. आपण निदान डोंगरातल्या पंपावर भरावे आणि टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये.

चाकांना लावायच्या साखळ्या, ज्यांना तिकडे सगळे ‘चेन’ म्हणतात, त्या टायरच्या बाजूवर छापलेला आकडा पाहूनच घ्याव्यात. 185/65 आर 15 या टायरची चेन दुसऱ्या मापाच्या टायरवर बसेलच असे नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती घरच्या वाहनतळावर किमान तीनदा, त्यांपैकी एकदा हातमोजे घालून, लावून पाहावी. आम्ही चेन विकत घेतली होती आणि वेष्टनही उघडले नव्हते. बर्फात गुडघे टेकून, अंधार पडत असताना, माहितीपत्रक वाचण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

सामानात फावडे, टॉर्च, गाडी ओढायचा दोर, बॅटरीची केबल, प्रत्येकासाठी एक जाड ब्लँकेट आणि थर्मासभर गरम पाणी असावे. खाण्यासाठी शेंगदाण्याची चिक्की, तिळाचे लाडू, खाकरे असे काही घ्यावे, जे गोठले तरी चावता येते आणि शरीराला ऊब देते. घरातील ज्येष्ठांची औषधे डिकीतल्या बॅगेत ठेवू नयेत. इन्सुलिन तर अंगाजवळ, स्वेटरच्या आत ठेवावे, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी असते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आणि सिस्सू तीन हजार मीटरच्या वर असल्यामुळे मनालीत दोन रात्री काढूनच पुढे जावे.

केव्हा निघावे, केव्हा थांबावे

3 ऑक्टोबर 2020 रोजी अटल बोगदा खुला होण्यापूर्वी 3,978 मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळ्यात बंद झाली की लाहौल वर्षाचे जवळजवळ सहा महिने उर्वरित देशापासून तुटलेले असे. आता 9.02 किलोमीटरच्या बोगद्याने मनाली ते लाहौलचे मुख्य गाव केलाँग हे अंतर 46 किलोमीटरने कमी केले आहे आणि त्यामुळे पर्यटकांचा असा समज होतो की बर्फाचा प्रश्नच मिटला. प्रत्यक्षात बोगदा आतून कोरडा असतो. अडचण आहे ती दोन्ही तोंडांकडे जाणाऱ्या उघड्या रस्त्यांवर. मनालीजवळच्या सोलंगपासून बोगद्याच्या दक्षिण तोंडाजवळच्या धुंदीकडे जाणारा चढ हिमस्खलनाचा आहे, आणि डिसेंबर 2024 मध्ये अचानक आलेल्या हिमवर्षावात याच पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या.

हवामान विभागाचा इशारा रोज पाहावा आणि पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिमवर्षाव आणणारी वादळी हवा, येणार असे म्हटले असेल तर तो दिवस मनालीतच काढावा. ज्यांच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळत नाही, म्हणजे ज्या फोर बाय फोर नाहीत, अशा गाड्या पोलीस सोलंगजवळ थांबवतात, तेव्हा वाद घालू नये. स्थानिक टॅक्सीने जावे. ती टॅक्सी महाग वाटली तरी तिच्या चालकाचे पोट या रस्त्यावरच्या शहाणपणावर चालते. सकाळी ऊन पडल्यावर निघून दुपारी दोनच्या सुमारास परतीला लागावे. दिवसा वितळलेले पाणी सूर्य डोंगराआड जाताच गोठते आणि डांबरावर पारदर्शक बर्फाचा थर तयार होतो, जो ओल्या रस्त्यासारखाच दिसतो. पूल आणि सावलीतली वळणे सर्वांत आधी गोठतात. आम्ही साडेचारला निघालो होतो, आणि एवढीच चूक पुरेशी होती.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अलीकडच्या काही हिवाळ्यांत सिस्सू परिसरातील ग्रामस्थांनी जानेवारी-फेब्रुवारीमध्ये हालडा आणि पूना या आपल्या सणांच्या काळात गावे पर्यटकांसाठी बंद ठेवली आहेत. बुकिंग करण्यापूर्वी याची चौकशी करावी आणि तसा निर्णय असेल तर त्याचा मान राखावा.

बर्फावर गाडी चालवताना

पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या संयमाने. ब्रेक, अॅक्सिलरेटर आणि स्टिअरिंग यांपैकी एका वेळी एकच आणि तेही हलक्या हाताने. उतारावर इंजिनाच्या ब्रेकवर विसंबावे, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर ठेवावे आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट देण्याचा आपल्या घाटांतला नियम येथे दुप्पट कसोशीने पाळावा, कारण चढावर थांबलेली गाडी बर्फात पुन्हा निघेलच याची शाश्वती नसते. गाडी घसरू लागलीच तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि जिकडे जायचे आहे तिकडे नजर व चाक हळूच न्यावे.

मी नेमके उलट केले. पुलाआधीच्या वळणावर चाक सुटल्यासारखे वाटताच ब्रेक दाबला, गाडी फिरली आणि मागचे चाक रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात रुतले. नदी डाव्या हाताला, बर्फ पडतच होता, आणि बाहेर काढण्याच्या घाईत मी इतका अॅक्सिलरेटर दिला की पुढच्या चाकांखालचा बर्फ गुळगुळीत काच होऊन बसला. अशा वेळी प्रथम धोक्याचे दिवे लावावेत, मुलांना व ज्येष्ठांना दरीच्या बाजूने नव्हे तर डोंगराच्या बाजूने उतरवावे किंवा सुरक्षित असेल तर आतच बसू द्यावे, आणि 112 वर कळवावे. इंजिन सुरू ठेवायचे असेल तर आधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ उपसावा, खिडकी बोटभर उघडी ठेवावी आणि दर तासाला दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणे जिवावर बेतते.

मदत आली तर

वीसेक मिनिटांनी एक पिकअप मागे थांबला. उतरलेल्या माणसाने आधी गाडीकडे नव्हे, मागच्या खिडकीकडे पाहिले आणि हिंदीत विचारले, माताजी ठीक आहेत ना? मग त्याने आईला आणि मुलाला आपल्या केबिनमध्ये हीटरजवळ बसवले आणि तेव्हाच आमच्या चाकांकडे वळला.

त्याचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याने माझ्याकडून गाडीची किल्ली घेतली, म्हणजे मी घाईत काही करणार नाही. आमच्या फावड्याने चाकांपुढचा बर्फ उतरता खणला, आपल्या पिकअपमधल्या पोत्यातली राख आणि वाळू पसरली. आमची चेन रस्त्यावर पसरून तिचे पीळ सोडवले, ती पुढच्या चाकांवर टाकली, कारण आमची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी होती; आधी आतला आकडा अडकवला, मग बाहेरचा, आणि ताण दिला. मला चालवायला बसवून तो बाजूने चालत राहिला. “ब्रेक को भूल जाओ, भाईजी,” एवढेच तो सांगत होता. पन्नास पावलांवर थांबवून त्याने चेन पुन्हा आवळली, जे करणे अत्यावश्यक आहे, कारण पहिल्या काही मीटरांत ती सैल होते. चेन लावलेली असताना ताशी 30 ते 40 किलोमीटरच्या वर जाऊ नये, आणि बोगद्यातल्यासारख्या कोरड्या डांबरावर ती काढावी, अन्यथा ती तुटून चाकाच्या कमानीत घुसते.

मला बोगद्याकडे जायचे होते. त्याने आकाशाकडे पाहून नाही म्हटले. येथे माझा सर्वांत कळकळीचा सल्ला आहे: मदत करणारा स्थानिक माणूस जेव्हा पुढे जाऊ नका म्हणतो, तेव्हा हॉटेलचे आगाऊ भरलेले पैसे, दुसऱ्या दिवसाचे नियोजन, सगळे सोडून द्यावे. मदत अर्धीच घेणारा प्रवासी रात्री पुन्हा त्याच माणसाला मदतीसाठी घराबाहेर पडायला लावतो. त्या रात्री बोगद्यापलीकडचा रस्ता बंद झाला आणि आम्ही त्याच्या घरी तंदूरभोवती बसलो होतो. लाहौलमध्ये तंदूर म्हणजे भाकरी भाजण्याची भट्टी नव्हे, तर धुराडे असलेली लोखंडी शेगडी, जिच्याभोवती हिवाळ्यात सारे घर राहते. त्याच्या पत्नीने छरम्याचा, म्हणजे सी-बकथॉर्न या काटेरी झुडपाचा, आंबटसर चहा दिला आणि आईच्या पायांवर स्वतःची शाल टाकली. बोगद्याआधी सहा महिने तुटून राहणाऱ्या खोऱ्यात दाराशी आलेल्याला परत पाठवणे म्हणजे काय, हे त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

पाहुणे म्हणून आपणही काही पाळावे. सरपण आणि धान्य त्यांनी उन्हाळ्यात साठवलेले असते, म्हणून वाढलेले टाकू नये. पाणी जपून वापरावे, नळ गोठलेले असतात. घरातल्या माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. झोपताना हँडब्रेक ओढून गाडी ठेवू नये, तो गोठून अडकतो. गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावावा आणि वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. हे त्याच्या लहान मुलीने माझ्या मुलाला शिकवले. सकाळी काचेवरचा बर्फ खरवडून काढावा; गरम पाणी ओतल्यास काच तडकते.

पैशांचा प्रश्न अवघड असतो. टॅक्सीचालकाने किंवा क्रेनवाल्याने काम केले तर भाव न करता मोबदला द्यावा, तो त्याचा धंदा आहे. घरात आसरा देणाऱ्यासमोर मात्र नोटा धरू नयेत. मी धरल्या, आणि त्याचा चेहरा उतरला. आईने ते पाहिले आणि डब्यातले सगळे तिळाचे लाडू त्याच्या पत्नीच्या हातात दिले. तिने ते लगेच देवापुढे ठेवले. तेवढे पुरले. निघताना ‘जुले’ म्हणावे. नमस्कार, निरोप आणि आभार, तिन्हींसाठी तिकडे तोच शब्द चालतो. घरी पोचल्याचा फोन आठवणीने करावा. तो माणूस वाट पाहत असतो, आणि रस्ता पार झाला की नाही हे त्याला खरोखर जाणून घ्यायचे असते.

आमचा फोन झाल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो चेनचा. ती ओली ठेवली तर गंजते, म्हणून गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, प्रत्येक कडी तपासून, हलका तेलाचा हात फिरवून हातमोज्यांसह एकाच पिशवीत ठेवावी, आणि ती पिशवी डिकीत सर्वांत वर ठेवावी.