कॉम्प्युटरला वॉटर कूलिंग आहे, तरी प्रोसेसर ९५ अंशांवर?

आधी खोलीचं तापमान बघा. आमच्या नागपुरात मे महिन्यात खोलीतला कूलर बंद असला की खोलीतच ३८ अंश असतात, आणि रेडिएटरमधलं (म्हणजे पाणी थंड करणाऱ्या, पंखे लावलेल्या जाळीतलं) पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. त्यामुळे पुण्यातल्या मित्राच्या आकड्यांशी तुलना करू नका.

मग तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा, प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी सिनेबेंच चाचणी लावा आणि तापमानाचा आकडा किती वेगाने चढतो ते बघा. माझ्या मते खरं निदान इथेच होतं. काही सेकंदांतच नव्वदीपार गेला, तर पाण्याला तापायला वेळच मिळालेला नसतो. मग पाणी फिरवणाऱ्या पंपाचा आरपीएम (फिरण्याचा वेग) शून्य तर नाही ना, प्रोसेसरवर बसणाऱ्या ब्लॉकचे स्क्रू आणि दोघांमधला उष्णता वाहून नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, नीट आहेत ना, हे तपासा. दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत राहिला, तर पाणी तापतंय. रेडिएटरच्या पात्यांमधली धूळ ब्रशने काढा, पंखे बघा.

सगळं ठीक असूनही रायझन ७००० मालिकेतला ७९५०एक्स प्रोसेसर ९५ला टेकत असेल, तर घाबरू नका. पूर्ण लोडवर तिथपर्यंत जाण्यासाठीच एएमडीने तो बनवलाय. खटकत असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) कमी वीज घेणारा इको मोड लावा; वेग थोडा घटतो, तापमान बरंच उतरतं.