पावसाळी ट्रेकला हाड मोडलं तर: निघण्याआधीची यादी

रस्त्यावर अपघात झाला तर अँब्युलन्स माणसापाशी येते. गडावर माणसालाच अँब्युलन्सपर्यंत न्यावं लागतं, आणि पावसात, शेवाळलेल्या वाटेवर त्याला चार-पाच तास सहज लागतात. ही यादी त्या चार-पाच तासांची आहे. त्या वेळात तीनच कामं करायची: रक्त थांबवायचं, मोडलेला भाग हलू द्यायचा नाही आणि माणूस गार पडू द्यायचा नाही. हाड 'बसवणं' यात नाही, ते ऑपरेशन थिएटरमधलं काम. म्हणून सॅकमध्ये काय भरायचं हे औषधाच्या दुकानात जाऊन ठरवू नका, या तीन कामांवरून ठरवा.

सुरुवात नकाशापासून करा. हरिश्चंद्रगडाचंच घ्या. पाचनईची वाट अहिल्यानगर जिल्ह्यात उतरते, खिरेश्वरची टोलार खिंडीतून पुणे जिल्ह्यात आणि नळीची वाट बेलपाड्याला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. गड एकच, पण माणूस कुठल्या बाजूला खाली आणायचा यावर कुठली अँब्युलन्स येणार आणि कुठलं रुग्णालय मिळणार हे ठरतं. तुम्ही नळीच्या वाटेने चढला असलात तरी जखमीला तिथून खाली न्यायचं नसतं. पाचनईची वाट सगळ्यात सोपी, त्यामुळे उतरवण्यासाठी ती आधीच मनाशी धरून ठेवा. निघण्याच्या आदल्या दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला फोन करून विचारा की रात्री एक्स-रे होतो का, आणि हाडांचे सर्जन नसतील तर पेशंट पुढे कुठे पाठवतात. फोन करायला लाज वाटते, पण त्या दोन मिनिटांत पुढचे दोन तास वाचतात. १०८ ची अँब्युलन्स सेवा राज्यात २०१४ पासून आहे, ११२ हा सगळ्या आणीबाणीचा एकच नंबर आहे, आणि डोंगरातल्या सुटकेसाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. तिन्ही नंबर फोनमध्ये तर हवेतच, शिवाय कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीतही ठेवा. पायथ्याच्या गावातल्या एका माणसाचा नंबर घ्या. रात्री सहा माणसं आणि दोन बांबू त्याच्याच शब्दावर जमतात.

प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घ्या. रक्तगट सगळेच हौसेने लिहितात, पण रक्त देण्याआधी रुग्णालय तो स्वतः तपासतंच. त्यापेक्षा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेह किंवा फिट्सचं औषध आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं आणि घरी कुणाला फोन करायचा, हे विचारा. रक्त पातळ करणारी गोळी घेणारा काका ग्रुपमध्ये असेल तर त्याच्या साध्या पडण्याकडेही वेगळ्या नजरेने बघावं लागतं, डोकं आपटलं असेल तर जास्तच.

आता सॅक. सगळ्यात वर, हात घातल्याबरोबर सापडेल असं, रक्त थांबवायचं सामान: रबरी हातमोजे, जाड गॉजचे गठ्ठे, रुंद क्रेप बँडेज, टूर्निके (हात किंवा पाय आवळून रक्त थांबवायचा, पिळायची दांडी असलेला पट्टा), मार्कर आणि कपडे कापायची बोथट टोकाची मोठी कात्री. वाहणाऱ्या रक्ताला पहिला उपाय म्हणजे जखमेवर थेट दाब, तोही न उचलता. दर मिनिटाला गॉज उचलून 'थांबलं का' बघणारा हमखास एक तरी असतो. त्याला शिट्टी देऊन दुसरीकडे बसवा. हाता-पायातून रक्त उसळतंय आणि दाबून थांबत नाही, तेव्हा टूर्निके: जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचं, वेळ मार्करने त्यावरच लिहायची आणि मध्येच सैल करायचं नाही. कमरेचा पट्टा त्याची जागा घेत नाही. तो पुरेसा आवळला जात नाही, शिरा दाबतो आणि धमनी चालूच ठेवतो, म्हणजे रक्त उलट जास्त जातं.

हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर एक फोटो काढा, सलाइनने भिजवलेल्या स्वच्छ गॉजने झाका, वरून कोरडं बँडेज बांधा आणि रुग्णालयापर्यंत ते उघडू नका. फोटो यासाठीच की वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला जखम उघडून दाखवावी लागू नये. बाहेर आलेलं टोक आत ढकलायचं नाही. हळद, कॉफी, टूथपेस्ट यांपैकी काहीही जखमेत जाणार नाही. फोनवर 'हाड बाहेर आलंय' हे शब्द स्पष्ट सांगा, कारण अशा जखमेला अँटिबायोटिक जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं.

स्प्लिंटसाठी, म्हणजे मोडलेला भाग हलू नये म्हणून बांधायच्या आधारासाठी, फोम लावलेली अ‍ॅल्युमिनियमची गुंडाळी मिळते, ती एक घ्या. पण खरा कामाचा माल तुमच्या सॅकवर आधीच बांधलेला असतो: कॅरीमॅट, म्हणजे झोपायला नेतो ती फोमची मॅट. घोटा मोडला तर मॅट उभी दुमडून दोन थरांची पट्टी करा, तळपायाखालून घालून दोन्ही बाजूंनी गुडघ्याच्या खालपर्यंत वर घ्या आणि बांधा. घोट्याच्या बाजूच्या खोलगट जागांत मोजे किंवा टोपी कोंबा, नाहीतर मॅट हाडाच्या उंचवट्यावरच टेकते आणि तिथे टोचत राहते. गाठी मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली मारा, त्या जागेवर नको. नडगी मोडली असेल तर मॅट मांडीपर्यंत न्या, कारण हाड मोडलं तर त्याच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे बांधावे लागतात. बुटाबद्दल वाद होतात. माझं मत असं की उतरायला तासन्‌तास लागणार असतील तर बूट काढून मगच बांधा, ओढून निघत नसेल तर कापा. बोटं दिसली पाहिजेत. पाच हजारांचा बूट कापायला मालकाचा जीव होत नाही, म्हणून हे पायथ्यालाच सगळ्यांना सांगून ठेवा.

बांधण्याआधी आणि बांधल्यावर तीच तपासणी करायची: बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, नखावर दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत लाली परत येते का, पायाच्या वरच्या भागावर नाडी लागते का. बांधल्यावर यातलं काही बिघडलं तर सैल करून पुन्हा बांधा. पाय मुळातच वाकडा, गार आणि निळसर असेल, तर प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने एकदाच, हळू, सरळ रेषेत ओढून बघायला हरकत नाही. अडलं तर तिथेच थांबायचं. प्रशिक्षण घेतलेलं कुणी नसेल तर आहे त्याच अवस्थेत बांधा.

मनगट मोडणं सगळ्यात जास्त दिसतं, घसरताना हात टेकतोच. त्याला दुमडलेलं वर्तमानपत्र आणि ओढणीची झोळी पुरते. अंगठी आणि कडं मात्र सूज येण्याआधी काढा.

मांडीचं हाड ही वेगळीच गोष्ट. बाहेर एक थेंब न दिसता मांडीत एक ते दीड लिटर रक्त साचू शकतं, आणि मोठ्या माणसाच्या अंगात एकूण असतं पाचेक लिटर. मधे सॅकमधले कपडे घालून दोन्ही पाय एकमेकांना बांधा आणि खाली न्यायला लगेच सुरुवात करा. माकडहाडाच्या किंवा जांघेच्या बाजूला मार बसून कंबरेखाली जोरात दुखत असेल, तर ओटीपोटाची हाडं हलवून 'तपासू' नका. घडी घातलेली चादर कमरेवर नाही, तर मांड्या जिथे सुरू होतात तिथल्या बाहेरच्या उंचवट्यांच्या पातळीला गुंडाळून आवळा. उंचावरून पडलेल्याची मान आणि पाठ मोडलेली आहे असंच धरून चालायचं, तो 'मी ठीक आहे' म्हणाला तरी. वळवायचं असेल तर एकाने डोकं धरून, त्याच्याच हुकमाने, सगळ्यांनी मिळून.

गारव्याकडे लोक दुर्लक्ष करतात. पावसात भिजलेला, रक्त गेलेला माणूस जुलैतही गारठतो, आणि अंग गार पडलं की रक्त गोठण्याची ताकद कमी होते. म्हणून प्लॅस्टिकची मोठी शीट, चंदेरी फॉइल ब्लँकेट, कोरडे कपडे आणि कानटोपी. अंगाखाली आधी घाला, वर नंतर. ओली जमीन अंगातली उष्णता खेचून घेते. चहा-बिस्किटांचा आग्रह मोडून काढा. ऑपरेशन लागलं तर भूल देण्याआधी पोट रिकामं लागतं. उतरायला फारच वेळ लागणार असेल आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असेल तर घोटभर पाणी चालेल. दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅमच्या दोन, त्याची अ‍ॅलर्जी किंवा लिव्हरचा त्रास नसेल तर; अ‍ॅस्पिरिन नको.

बांधल्यावर वेदना कमी व्हायला हवी. ती वाढतच गेली, पोटरी दगडासारखी कडक झाली, बोटं दुसऱ्याने हळूच ताणली तरी किंचाळायला होतंय, तर आतला दाब वाढतोय असं समजा. स्प्लिंटची सगळी बांधणी सैल करा, पाय छातीच्या पातळीला ठेवा, फार उंच करू नका, आणि रुग्णालयाला हेच सांगा. असा दाब काही तास राहिला तर स्नायू मरतात. पायथ्याला कुणीतरी प्रेमाने हाडवैद्याचं नाव सुचवेल. 'आधी एक्स-रे, मग बघू' हे उत्तर तयार ठेवा. चोळणं नाही, आवळून बांबूच्या कामट्या बांधणं नाही. तशा बांधणीने काळे पडलेले हात-पाय हाडांच्या वॉर्डात अजूनही येतात.

उचलण्यासाठी दोन चिवट दोर आणि जाड ताडपत्री न्या. बांबू गावातून येतात. आठ माणसं लागतात, चार उचलायला आणि चार बदली, त्यामुळे पाचजणांच्या ग्रुपने पावसाळ्यात अवघड वाट धरताना हा हिशेब करावा. रेंज नसेल तर दोघांना खाली पाठवा, एकट्याला नाही, आणि हातात चिठ्ठी द्या: कुठे पडला, किती वाजता, काय मोडलं, शुद्ध आहे का, नाडी किती, काय औषध दिलं, शेवटचं कधी खाल्लं, आम्ही कुठल्या वाटेने उतरतोय. वर थांबलेल्यांनी तीच माहिती दर पंधरा मिनिटांनी वेळेसह वहीत लिहायची. नाडी सतत वाढतेय, घाम गार आहे, माणूस चुळबुळ करतोय किंवा अचानक गप्प झालाय, यातलं काहीही दिसलं की पुन्हा फोन. धुक्यात जागा कळावी म्हणून मिनिटात सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

निघण्याआधीच्या रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये हे सगळं एकदा करून बघा, दिवे बंद करून, हेडटॉर्चवर. टूर्निके एका हाताने आवळता येतो का आणि मॅट कुणाला बांधता येते हे तेव्हाच कळतं. आणि दोन नावं आधीच ठरवा: जखमीबरोबर रुग्णालयात कोण जाणार, आणि उरलेल्या ग्रुपला खाली कोण आणणार. दोन्हीकडे लीडर एकच असेल तर यादी अपुरी आहे.