मॉडेल टी हँडल मारून कशी चालू करायची (आणि मनगट शाबूत ठेवायचं)

ज्याला रोज गाडी चालवायची सवय आहे त्यालाच फोर्डची मॉडेल टी जास्त जड जाते, कारण पाय सवयीने जिथे जातात तिथे या गाडीत भलतंच काहीतरी असतं. १९०८ ते १९२७ मध्ये दीड कोटी बनल्या, तरी आज आपण वापरतो ती क्लच-ब्रेक-ॲक्सिलरेटरची मांडणी तेव्हा सगळ्यांनी मानलेली नव्हती, आणि फोर्डने तर या मॉडेलवर शेवटपर्यंत आपलीच पद्धत ठेवली.

आधी पाणी, पेट्रोल, ऑइल बघून घ्या. टाकी पुढच्या सीटखाली असते, काटा वगैरे नाही, सीट उचलायची आणि काठी बुडवून बघायचं. ऑइलसाठी इंजिनाच्या खालच्या बाजूला दोन छोटे कॉक आहेत, वरच्यातून तेल यायला लागलं की ओतणं थांबवा आणि खालच्यातूनही येत नसेल तर गाडीला हातच लावू नका.

मग हँडब्रेक पूर्ण मागे ओढा. इंजिन फिरवायचं हँडल गाडीच्या समोर उभं राहून मारायचं असतं, त्यामुळे हे विसरलात तर गाडी चालू होताच तुमच्याच अंगावर येईल, कारण या लिव्हरने मागच्या चाकांना ब्रेक लागतोच आणि गाडी न्यूट्रलमध्येही तीच ठेवते.

आता स्टिअरिंगखालचे दोन लिव्हर. उजवा पेट्रोलचा, तो थोडासा खाली. डावा ठिणगीचा, आणि तो पूर्ण वर म्हणजे वरच पाहिजे. हा वर का, ते नीट समजून घ्या. लिव्हर खाली असेल तर ठिणगी लवकर पडते, पिस्टन अजून वर येतोय तेवढ्यात पेट्रोल पेटतं, पिस्टन उलटा ढकलला जातो आणि तुमच्या हातातलं हँडल जोरात उलटं फिरतं, मनगट मोडायचं ते असंच. या वैतागावर उपाय म्हणून अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, पण मॉडेल टीला तो मिळायला १९१९ उजाडलं.

इग्निशन बंद ठेवूनच पुढे या, रेडिएटरजवळ चोकची तार बाहेर आलेली दिसेल, ती ओढून धरा आणि हँडल दोन-तीनदा अर्धं-अर्धं फिरवा म्हणजे पेट्रोल आत जाईल. मग जाऊन स्विच चालू करा, बॅटरी जोडलेली असेल तर समोरच्या कॉइलच्या लाकडी पेटीतून गुणगुण ऐकू येऊ शकते. परत पुढे या. हँडल डाव्या हाताने धरायचं, अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीसारखा गुंडाळायचा नाही, आणि फक्त खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं कधीच नाही, म्हणजे झटका बसलाच तर हात आपोआप सुटतो. चालू झाली की धावत जाऊन ठिणगीचा लिव्हर खाली घ्या, नाहीतर इंजिन गरम होत राहील.

थंडीत अजून एक लफडं असतं. ऑइल घट्ट झालेलं असतं त्यामुळे क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात आणि न्यूट्रलमध्येही गाडी हळूहळू पुढे सरकते, म्हणून लोक मागचं एक चाक जॅकवर उचलून हँडल मारायचे. कटकट आहे, पण कामाची.

चालवायला तीन पेडल. डावं पूर्ण दाबलं की पहिला गिअर, अर्ध्यावर न्यूट्रल, आणि हँडब्रेक पुढे करून सोडून दिलं की दुसरा, एवढे दोनच गिअर. मधलं रिव्हर्सचं, ब्रेक उजवीकडे. पहिल्यांदा बसलो तेव्हा थांबायचं म्हणून मी हमखास मधलं दाबायचो, आणि गंमत म्हणजे गाडी थांबायचीही, ब्रेकचा पट्टा झिजला की तेव्हाचे ड्रायव्हरही रिव्हर्सच दाबायचे. अर्थात त्याची सवय लावून घेऊ नका.

चढाला पेट्रोल कमी असेल तर गाडी फिरवून उलटी चढवा. पंप नाहीये, पेट्रोल टाकीतून उताराने इंजिनात येतं, त्यामुळे नाक वर झालं की इंजिन उपाशी. १९२६ च्या मॉडेलपासून टाकी पुढे नेली तेव्हा हा प्रकार बराच कमी झाला.

बंद करताना स्विच ऑफ, हँडब्रेक मागे, आणि उतरायच्या आधी डावा लिव्हर आठवणीने वर करून ठेवा, पुढच्या वेळी हँडल कोण मारणार आहे ते तुम्हाला माहीत नसतं.